पंधरावा फर्मा

सोमवार, ९ मार्च

चिरंजीव शेपूट यास,

बुडून मेलेल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

दचकू नकोस. अक्षर माझं नाही. मला अक्षर आलं असतं तर ही वेळच आली नसती. लिहिणारी माझी नात आहे, थोरल्याची मुलगी. दवाखान्यात कामाला जाते, दुपारी तीनला सुटते, घरी येऊन चहा पिते आणि माझ्यासमोर कागद घेऊन बसते. तिला बजावलंय, मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, आपलं शहाणपण मध्ये घालायचं नाही. मला वाचता येत नाही म्हणून मला फसवता येईल असंही समजायचं नाही. माझ्या हातात कागदाची लांब पट्टी आहे. एक गोष्ट सांगून झाली की मी पट्टीला एक घडी घालते. शेवटी ती सगळं वाचून दाखवते आणि मी एकेक घडी उलगडत जाते. घडी उरली की समजायचं, कारकुनीणबाईंनी काहीतरी गिळलंय. आत्ताच एवढं वाचून घेतलं, तर एक उरली. तुला मी एक शिवी घातली होती, ती हिनं गाळली. म्हणाली, "आजी, एवढे मोठे लेखक ते!" मी म्हटलं, मोठा झाला तो तुमच्यासाठी. मी त्याचं नाक पुसलंय. शेवटी तडजोड झाली. शिवी घालायची नाही, पण घातली होती हे लिहायचं. लिहिलं.

आता मुद्द्यावर येते. माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर सुईदोरा बंद. हात रिकामे राहिले की माझं डोकं चालायला लागतं, म्हणून नातीला म्हटलं, माझ्या भावाचं पुस्तक वाचून दाखव. घरातली प्रत माळ्यावरच्या पेटीत तळाशी. ती कोण काढणार, म्हणून हिनं वाचनालयातून नवी आणली. मागे तुझा फोटो आहे म्हणे. "कसा दिसतो?" विचारलं, तर म्हणाली, "म्हातारे." बरं वाटलं.

तुझं पुस्तक मला पाठ आहे. तुझे भाऊजी होते तोवर त्यांनी मला ते चार वेळा वाचून दाखवलं, जेवणं झाल्यावर, माझी भांडी चालू असताना. निरोप पोचवणारी मुलगी, तिची होडी, दोन्ही काठांवरची माणसं, आणि ऐकलेल्या निरोपातला एक शब्दही ती इकडचा तिकडे करत नाही, हे सगळं. करील कशी? ती मी होते. म्हणून नात वाचायच्या आधी मीच पुढचं सांगत होते. ती मुलगी तो शेवटचा निरोप घेऊन होडीत बसते तिथं आलो. मी म्हटलं, "आता पलीकडच्या काठावरचा बाजार येईल बघ."

हिनं पान मागेपुढे उलटून पाहिलं.

"काय झालं? पान हरवलं का?"

"आजी, इथं वेगळंच आहे."

"वाच."

तिनं वाचलं. होडी मध्यावर उलटते. तिसऱ्या दिवशी मुलगी लव्हाळ्यात सापडते, उजवी मूठ घट्ट मिटलेली. निरोप कोणता होता ते कुणालाच कळत नाही. मग हिनं उलट जाऊन पहिलं पान काढलं. त्यावर तू लिहिलं आहेस : माझ्या थोरल्या बहिणीस, जी त्या नदीतून परत आली नाही.

मी नातीला विचारलं, "चहा उरलाय का गं थोडा?" दुसरं काय विचारणार?

शेपटा, ते पुस्तक आमच्याच कारखान्यात बांधलं गेलं होतं. तुझे भाऊजी तिथं बांधणीचे मिस्त्री, मी घडीच्या टेबलावर. पहिल्या छपाईच्या दोन हजार प्रती, त्यातल्या निम्म्यांच्या घड्या माझ्या हातच्या. म्हणजे माझं मरण मी हजार वेळा दुमडलं, हाडाच्या पट्टीनं दाबून धार काढली आणि गठ्ठ्यात रचून ठेवलं. थोरला तेव्हा पोटात होता, सहावा महिना. हिचा बाप.

मला एवढंच सांग, का? चिठ्ठी पाठवू नकोस, चिठ्ठ्या मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकाव्या लागतात. स्वतः ये. मेलेली माणसं कुठे जात नाहीत. मी घरीच असते.

शनिवार, १४ मार्च

शेपूट,

उत्तर आलं नाही, तरी लिहवून घेते. तुझ्या पुस्तकाच्या घरच्या प्रतीत माझ्या हातून एक चूक झाली असं वाटून मी मनात खजील झाले होते. ती सांगते, आणि ती चूक माझी नव्हती हेही सांगते.

मला प्रश्न पडला, मग आमच्या प्रतीत मी बुडाले कशी नाही? भाऊजींनी वाचलं ते कोणतं पुस्तक? शेजारच्याला बोलावून पेटी उतरवून घेतली. नात म्हणाली, "डोळ्याला जपा." मी म्हटलं, मला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात.

ही मला विचारते, फर्मा म्हणजे काय. मी तिला म्हटलं, लिही, तुझ्यासारख्या वाचणाऱ्यांना पुस्तक कसं होतं तेच ठाऊक नसतं. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याच्या घड्या घातल्या की तो फर्मा. फर्म्यांचे ढीग टेबलाभोवती ओळीनं मांडायचे, आणि आम्ही बायकांनी टेबलाभोवती फेऱ्या मारत प्रत्येक ढिगातून एकेक उचलायचा. आम्हाला आकडे कुठले यायला? म्हणून प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापलेली असते, आधीच्यापेक्षा जरा खाली. सगळे फर्मे जुळले की पाठीवर काळ्या खुणांचा जिना तयार होतो. एक फर्मा चुकला की पायरी तुटते. मला अक्षर येत नसलं तरी जिना येतो. अडतीस वर्षांत माझ्या टेबलावरून तुटका जिना पुढे गेला नाही, हे कारखान्याचे मालक चारचौघांत सांगायचे.

आमची प्रत बाद कागदातली. तशी रीतच होती, डाग पडलेले, तिरके छापलेले फर्मे उरतात, त्यातून कामगाराला घरी एक प्रत बांधून न्यायला मिळायची. मी सुरीनं पाठ उकलली आणि नातीला म्हटलं, "खुणा मोज." तेरा, चौदा, पुन्हा चौदा, आणि एकदम सोळा. पंधरावी पायरीच नाही.

मी तिला पुन्हा मोजायला लावलं, तेच. म्हणजे आपल्याच भावाच्या पुस्तकात आपण तुटका जिना घरी आणला! तुला माफीचं पत्र घालायला निघाले होते बघ. तू मला मारलंस, आणि माफी मी मागणार होते.

पण पुठ्ठा हाताला जाड लागला. त्या दिवसांत बाद कागद एकावर एक खळीनं चिकटवून पुठ्ठा करायचे. तरी बाकी पुस्तकांचा एवढा जाड नसायचा. ओलं फडकं ठेवलं, अर्ध्या तासानं नखानं थर सोडवला. नातीला म्हटलं, "बघ काय छापलंय." ती वाचायला लागली : "…उजवी मूठ घट्ट मिटलेली…"

पंधरावा फर्मा पुठ्ठ्याच्या आत होता. सगळी सोळा पानं, अर्धी पुढच्या पुठ्ठ्यात, अर्धी मागच्या. पुठ्ठे तुझे भाऊजीच करायचे.

मग मला आठवलं, वाचताना त्या जागी आले की ते खोकायचे आणि पाणी मागायचे. चारही वेळा. मला वाटायचं, खळीच्या वासानं घसा धरला. कारखान्यात बाकीचे वाचणारे होते त्यांनाही यांनीच गप्प केलं असणार, नाहीतर तिथं शिंकही लपत नसे. मी पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "गोष्ट इथं जरा उडी मारते, नाही?" ते म्हणायचे, "लेखकांचं तसंच असतं."

आता मी कुणावर चिडू? मेलेल्या नवऱ्याशी भांडता येत नाही ही बाईमाणसाची मोठीच गैरसोय आहे. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं, हिनं काय ऐकायचं आणि काय नाही. एकानं मला मारलं आणि दुसऱ्यानं प्रेत लपवलं. फरक एवढाच, लपवणाऱ्याला निदान लाज वाटत होती.

आणखी एक आठवलं. पुस्तक येऊन वर्ष झालं असेल, तू एका दुपारी कारखान्यात आला होतास. कटिंग मशीनपाशी उभा राहिलास, गॉगल लावून. माझ्या हातात काम होतं. मी म्हटलं, "बस, हा ढीग संपवते." मान वर केली तर तू नव्हतास. भाऊजी म्हणाले, त्याला गाडी गाठायची होती. आज कळतंय, तू पुढची गोष्ट मागायला आला होतास. लहानपणी शाळा सुटली की तू माझ्या टेबलाखाली दप्तर टाकून बसायचास. मी वर घड्या घालायचे आणि खाली तुला गोष्ट सांगायचे. निरोपवाल्या मुलीची गोष्ट मी त्या शेवटच्या निरोपापाशी नेहमी थांबवायचे. तू माझ्या पायाला चिमटे काढायचास, "ताई, निरोप काय होता? काय होता सांग ना!" मी म्हणायचे, "फर्मा संपला, उद्या." तो उद्या काही आला नाही, तू मोठ्या शाळेला परगावी गेलास.

पुढचं तुला माहीत नव्हतं, म्हणून तू होडी उलटवलीस. विचारायला यायचं सोडून मला मारलंस. आणि एकदा मारल्यावर माझ्याकडे येऊन कुठल्या तोंडानं म्हणणार, सांग पुढचं?

नात म्हणते, नव्या प्रतीला कुणा विद्वानाची प्रस्तावना आहे. एवढं मोठं पुस्तक लिहून लेखकानं पुन्हा लेखणी उचलली नाही, केवढं हे मौन, असं लिहिलंय. मी एवढी हसले की डोळ्यावरची पट्टी ओली झाली. मौन कसलं, बाबा! गोष्ट संपली होती.

गुरुवार, २६ मार्च

शेपूट,

तू आला नाहीस. तुझा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, काळी बॅग, आणि वेळ बरोबर साडेअकराची. घरात वाचणारं कुणी नसतं ती. हे चौकशी करून आलं असणार.

"आजी, सरांनी पाठवलंय."

"कोण सर?"

"तुमचे… म्हणजे आपले लेखकसाहेब."

"माझे कोण?"

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, पुस्तकाला पन्नास वर्षं झाली, वीस एप्रिलला मोठा सोहळा आहे, सोन्याच्या अक्षरांची आवृत्ती निघते आहे. एक प्रत मलाही दिली. मी हातात घेऊन पाठ चाचपली. शिवलेली नाही, नुसती डिंकानं चिकटवलीये. सांग तुझ्या प्रकाशकाला, दोन वर्षांत पानं गळतील.

मग त्यानं बॅगेतून कागद काढला आणि शाईचा डबा उघडला.

"काय लिहिलंय यात?"

"काही नाही हो आजी. सोहळ्याला तुमच्या शुभेच्छा."

"दोन पानं भरून? एवढं गोड मी लग्नातसुद्धा बोलले नव्हते."

"फक्त इथं अंगठा…"

"मेलेल्या माणसाचा अंगठा चालतो का रे तुमच्यात?"

तो बिचारा पांढरा पडला. म्हणाला, "आजी, मी नोकरमाणूस."

"मग पाणी पी. कागद ठेव. वाचणारी तीनला येते."

पाणी पिताना जरा मोकळा झाला. मी विचारलं, तुमचे साहेब काही लिहितात की नाही हल्ली? म्हणाला, रोज सकाळी नऊ वाजता टेबलाशी बसतात, एकपर्यंत उठत नाहीत. आपण दर महिन्याला नवी वही आणतो, आणि जुनी कोरीच कपाटात जाते. असं तो आला त्याच्या आधीपासून चाललंय म्हणे. मी म्हटलं, "त्यांना सांग, टेबलाच्या वर बसून गोष्ट यायची नाही. एकदा खाली बसून बघा."

जाताना गडबडीत शाईचा डबा विसरून गेला.

नातीनं आल्यावर कागद वाचला. तुला माहीतच आहे काय आहे त्यात, पण तुझ्या शब्दांत तुलाच ऐकवते. "मी लेखकांच्या घरी त्यांच्या बालपणी वरकामास होते. माझा त्यांच्याशी रक्ताचा संबंध नाही. त्यांची थोरली बहीण नदीत बुडून वारली, हे मला प्रत्यक्ष ठाऊक आहे."

बाकी कुणी नाही सापडलं, माझ्या मरणाला मलाच साक्षीदार केलंस!

शेपटा, पुस्तकात मारलंस ते मी एकवेळ समजून घेतलं असतं. गोष्टीत माणसं मरतात, मीही पुष्कळ मारली आहेत, तू ऐकून रडायचास आणि मी पुन्हा जिवंत करायचे. पण हा कागद गोष्ट नाही. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. मावशीच्या घरी तुला ताप आला की मी रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायचे, कारण आडवं निजवलं की तुझी छाती भरायची. ते वरकाम होतं होय?

अंगठा दिलेला नाही. कागद जपून ठेवलाय.

सोमवार, ६ एप्रिल

शेपूट,

काल तू फोन केलास. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून ते इथं लिहवून ठेवते. काही चुकलं तर येऊन दुरुस्त कर.

नात म्हणाली, "आजी, मामाआजोबांचा फोन!" मी हातानं केस सारखे केले. फोनवर काय दिसणार होतं?

तू म्हणालास, "ताई."

एकोणपन्नास वर्षांनी तो शब्द ऐकला. कबूल करते, त्या एका शब्दावर मी सगळं सोडून द्यायला निघाले होते. तू आणखी एवढंच म्हणाला असतास ना, "ताई, चुकलो," तर मी म्हणाले असते, "जाऊ दे रे, जेवलास का?" बाईमाणसाची अक्कल एवढीच.

तू डोळ्याची चौकशी केलीस. मग खोकलास, अगदी भाऊजी खोकायचे तसा. आणि म्हणालास, "ताई, तो निरोप कोणता होता?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

तू म्हणालास, "पन्नास वर्षं लोक मला हेच विचारतायत. त्यावर पुस्तकं लिहिली लोकांनी. मी सांगत आलो, निरोप तिच्याबरोबर गेला. लोक टाळ्या वाजवतात. पण मला ठाऊक नाही गं. मला तेवढा निरोप सांग, मी एक प्रकरण लिहीन. एकच. मला आता फार दिवस नाहीत."

मी विचारलं, "आणि मी?"

"तू काय?"

"मी जिवंत आहे हे सोहळ्यात सांगशील?"

फोनमध्ये नुसतं श्वासाचं घरघरणं. छाती अजून तशीच आहे तुझी. मग म्हणालास, "ताई, आता ते कसं बदलणार? शाळेतल्या पुस्तकात धडा आहे तो. मुलं शिकतात."

मी म्हटलं, "खरंच की. मुलांचे मार्क जातील." आणि फोन नातीच्या हातात दिला.

तू माझी माफी मागायला फोन केला नव्हतास, त्या कागदाबद्दलही नाही. मी मरायच्या आत माझ्याकडून तेवढं काढून घ्यायचं होतं. तू होतास तसाच आहेस, चिमटे काढणारा. फरक एवढाच, तेव्हा चिमटा पायाला बसायचा.

नात संतापून म्हणाली, "आजी, पेपरात देऊ. कागदासकट." मी म्हटलं, भाऊ माझा आहे, पेपरवाल्यांचा नाही. त्याला काय करायचं ते मी बघेन. ती अजून फुरंगटून बसलीये, त्यामुळे आज अक्षर वाईट आलं असेल तर तो राग तुझ्यावरचा समज.

रविवार, १९ एप्रिल

चिरंजीव शेपूट यास,

उद्या तुझा सोहळा. हे पत्र नात सकाळच्या पहिल्या गाडीनं स्वतः घेऊन येईल आणि तुझ्या हातात देईल. तुझ्या माणसाच्या नाही. तू व्यासपीठावर चढायच्या आधी वाच.

निरोप सांगते.

मी बारा वर्षांची, तू आठ. बाबा नदीपलीकडच्या लाकडाच्या वखारीत, आठवड्यातून एकदा घरी यायचे. अलीकडच्या अर्ध्या गावाचे निरोप मीच पलीकडे न्यायचे. एकदा ऐकलं की शब्द हलायचा नाही, म्हणून. तुझ्या शाळेच्या फाटकाबाहेर मी तुला न्यायला उभी असायचे, आणि आतलं जेवढं ऐकू यायचं तेवढं मला पाठ व्हायचं. ते मास्तरांनी हेरलं होतं. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाबांना निरोप सांग. तुम्हा दोघांतल्या एकाला मी फीशिवाय ठेवून घेऊ शकतो, पुढच्या शिक्षणासकट. एकालाच. मोठीला पाठवा म्हणावं. धाकटा साधारण आहे, मुलीचं डोकं विलक्षण आहे."

विलक्षण हा शब्द मला कळला नव्हता. पण तो मी जसाच्या तसा धरून ठेवला. मूठ मिटून, तुझ्या भाषेत.

त्याच आठवड्यात बांधणीच्या कारखान्यात एका मुलाची किंवा मुलीची जागा होती. म्हणजे एकानं शाळेत जायचं, दुसऱ्यानं कारखान्यात. मी होडीत बसले. तू नेहमीप्रमाणे मागोमाग धक्क्यापर्यंत आला होतास, उगाच नाही तुला शेपूट म्हणत. काठावर उभा राहून खोकत होतास. होडी सुटली, तू लहान लहान होत गेलास, पण खोकला ऐकू येत होता. कारखान्यात खळ आणि कागदाची धूळ. मी मध्यावर असताना विचार केला, हा तिथं दोन वर्षंसुद्धा टिकायचा नाही.

होडी उलटली नाही, शेपटा. मी पलीकडे पोचले. वखारीत गेले, बाबांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "मास्तरांनी निरोप दिलाय. एकालाच ठेवून घेतात. धाकट्याला पाठवा म्हणाले, त्याचं डोकं विलक्षण आहे."

सगळ्या आयुष्यात तेवढा एकच निरोप मी बदलला.

बाबांचा ऊर भरून आला. मास्तरांनी मला पुढे विचारलं, तेव्हा सांगितलं, बाबा मुलीला शिकवायला तयार नाहीत. त्यांनी मान हलवली. असं सगळीकडे असतंच, कुणाला नवल वाटलं नाही. सोमवारी तू शाळेत गेलास आणि मी टेबलाशी उभी राहिले. संध्याकाळी तू टेबलाखाली येऊन बसलास आणि म्हणालास, "ताई, गोष्ट."

म्हणून मी तिथं थांबायचे. पुढचं तुला सांगितलं असतं तर तुला पुस्तक हातात धरवलं नसतं. मला तेव्हा तसं वाटायचं. आता वाटतं, तू आरामात धरलं असतंस.

पस्तावले का, ते तू विचारणार नाहीस, पण नात विचारते आहे, तिचे डोळे भरलेत. खोटं कशाला बोलू? तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या फर्म्याची घडी घातली त्या दिवशी अजिबात नाही. काळी अक्षरं बघून वाटलं, ही माझीच आहेत, याच्या हातून आली एवढंच. गेल्या महिन्यात, तुझा कागद वाचून झाला तेव्हापासून मात्र रोज.

आता तुला प्रकरण लिहायचं तर लिही. माझी हरकत नाही. पण एक अडचण आहे, तुझ्या लक्षात आली असेल. हा निरोप बुडालेली मुलगी सांगू शकत नाही. तो सांगायचा तर तिला पलीकडे पोचवावं लागेल, आणि पोचली म्हणजे ती आली, जगली, हेही आलं. आणि विलक्षण कोण होतं, तेही. तुझी कोरी वही तुझ्यापुढे आहे. उद्या लोक विचारतीलच. पुन्हा म्हण, निरोप तिच्याबरोबर गेला, आणि टाळ्या घे. नाहीतर मग खरं सांग. मी कुणाला काही सांगणार नाही. नातीलाही शपथ घातली आहे. ती म्हणते, अन्याय आहे. मी म्हटलं, असू दे, त्याचा निर्णय त्याला एकदा तरी स्वतः करू दे. आजवरचे सगळे मीच केलेत.

या पत्रासोबत पंधरावा फर्मा आहे, पुठ्ठ्यातून सोडवलेला. खळीचे डाग आहेत, पण वाचता येतो. तुला माझा अंगठा हवा होता ना? तुझ्या कागदावर दिला नाही. या फर्म्यावर दिलाय, मुलगी लव्हाळ्यात सापडते त्या ओळीवर, नातीनं बोट ठेवून जागा दाखवली. शाई तुझाच माणूस विसरून गेला होता ती. निळी आहे, छान उठली आहे. मेलेल्या बाईच्या मानानं तर फारच छान.

आमची प्रत मी पुन्हा शिवली. डोळ्याचा महिना संपला. पंधराव्या फर्म्यावाचूनच शिवली, होती तशी. भाऊजींच्या पुस्तकात मी बाजाराला पोचते. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण पुस्तक तेच ठेवणार.

नातीनं पत्र वाचून दाखवलं. घड्या उलगडत आले. शेवटी हातात एक घडी उरली आहे. हिनं काही गाळलेलं नाही, मीच सांगितलेलं नाही. निरोप पोचला त्यानंतरची अडुसष्ट वर्षं त्या घडीत आहेत. वाटलं तर तुझं दुसरं पुस्तकही.

ती पत्रानं पाठवता येत नाही. हवी असेल तर यायला लागेल. घडीचं टेबल कारखाना बंद झाला तेव्हा मी मागून घेतलं होतं, स्वयंपाकघरात आहे. खाली एक म्हातारा बसेल एवढी जागा होते, मी नातीला बसवून बघितलं.

तुझी,
पलीकडे पोचलेली ताई